नांदवणचे विरजण

नदीचा वळसा संपतो तिथे, नांदवणच्या जुन्या वेशीबाहेर, एक उघडा माळ आहे. माळावर जमिनीच्या पातळीला दगडी कडी दिसतात. बैलगाडीच्या चाकाएवढी वाटोळी, एकमेकांपासून घराघराच्या अंतरावर. आत डोकावले तर माणसाच्या गळ्याइतक्या खोल कुंड्या, बहुतेक मातीने बुजलेल्या. एखादीत रुई माजली आहे, एखादीत पावसाचे पाणी साचून शेळ्या तोंड घालतात. नवखे लोक विचारतात, ही धान्याची पेवे का? निळाईच्या देवळाचे म्हातारे पुजारी महालिंगस्वामी मान हलवतात. पेवे नव्हेत, म्हणतात, इथे घरे होती. भिंती मातीच्या, त्या पावसांनी नेल्या. कुंड्या दगडाच्या, त्या राहिल्या. मग देवळाच्या ओट्यावर बसून ते जे सांगतात, ते त्यांनी आपल्या चुलत्याकडून ऐकलेले आहे आणि चुलत्याने आणखी कुणाकडून.

असे सांगतात की कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले त्या सुमाराला हा माळ म्हणजे निळाऱ्यांची पेठ होती. निळारी म्हणजे नीळ रंगवणारे. आसपासच्या गावांतले साळी आणि कोष्टी सुताच्या लडी डोक्यावर घेऊन इथे यायचे आणि निळ्या करून न्यायचे. लुगड्याच्या काठाला नांदवणचा निळा असला की बायका काठ उलटा करून एकमेकींना दाखवायच्या. पेठेत घरोघर दोऱ्या बांधलेल्या असत आणि दोऱ्यांवर ओल्या लडी. पेठेतल्या माणसांचे हात कोपरापर्यंत निळे. बाजारात गर्दीत कुणी हात वर केला की लोक म्हणायचे, हा नांदवणचा.

निळीची कुंडी ही जिवंत गोष्ट असते, हे बाहेरच्याला पटकन पटत नाही. निळीच्या वड्या पाट्यावर वाटून पाण्यात टाकल्या म्हणून रंग होत नाही. त्यात चुन्याची निवळी लागते, गूळ लागतो, टाकळ्याचे शिजवलेले बी लागते, आणि हे सगळे आंबवावे लागते. आंबले की पाणी हिरवट पिवळे होते आणि वर तांब्यासारखा चमकणारा फेस येतो. त्यातून सूत काढले तर ते आधी पोपटी दिसते. वारा लागला की बघता बघता निळे होते. कुंडीला रोज खाऊ घालावे लागते, ढवळावे लागते, थंडीत भोवती गोवऱ्यांची धग ठेवावी लागते. निळारी सकाळी उठून आधी कुंडीचा थेंब जिभेला लावायचा आणि तिला काय हवे ते ओळखायचा. हेळसांड झाली की कुंडी मरते. मग तिला सडका वास सुटतो आणि सूत कितीही बुडवले तरी मळकट निघते.

मेलेली कुंडी परत उठवायची तर जिवंत कुंडीतले पाणी आणि तळचा गाळ आणून घालावा लागे. त्याला पेठेत विरजणच म्हणत. पेठेतल्या साऱ्या कुंड्या एकाच कुंडीच्या लेकी होत्या. ती थोरली कुंडी रेवणप्पा निळाऱ्याच्या घरात होती. त्याच्या पूर्वजांनी ती खालच्या मुलखातून, घागरीतून विरजण आणून लावली होती म्हणे. ज्याची कुंडी जाईल त्याने तांब्याची घागर घेऊन थोरल्या घरी यावे, थोरल्या घराने आधी विरजण द्यावे आणि मग बाकीच्या घरांनी आपापल्या कुंडीतला एकेक तांब्या त्यात ओतावा, अशी पेठेची रीत होती. मागणाऱ्याने कारण सांगायचे नाही, देणाऱ्याने विचारायचे नाही.

रेवणप्पाने दोघांना शिकवले. एक त्याचा मुलगा सिदराम आणि दुसरा शेजारचा भुजंग. दोघे एका वयाचे. एकाच कुंडीवर वाकून दोघांनी पहिला थेंब जिभेला लावला आणि दोघेही थुंकले, म्हणून रेवणप्पाने दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला, असे सांगतात. पुढे रेवणप्पा गेल्यावर थोरली कुंडी आणि पेठेचा मान सिदरामकडे आला. तो हाताने चांगला होता, बोलायला गोड होता आणि पेठेतले तंटे तो घरी बोलावून मिटवायचा. भुजंग कमी बोलायचा. तो कुंडीशीच जास्त बोलतो असे त्याची बायको मथुरा हसून सांगायची.

निळाईच्या जत्रेला देवीचे लुगडे रंगवायचे असे. प्रत्येक घराने एक हात कापड रंगवून देवळात ठेवायचे, कोणते कुणाचे ते सांगायचे नाही आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी त्यातले एक उचलायचे. ज्याचे उचलले त्या घराने देवीचे लुगडे रंगवायचे. निवड म्हणायची एवढेच. आजवर दर वर्षी थोरल्या घराचेच कापड उचलले गेले होते. म्हाताऱ्यांनाही ते ओळखू यायचे.

एका वर्षी त्या ओळीने बसल्या, एकेक कापड उजेडाला धरून पाहू लागल्या, आणि एका कापडापाशी थांबल्या. मग सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने ते उचलून गालाला लावले. कापड भुजंगचे निघाले.

सिदरामने पुढे होऊन स्वतःच्या हाताने भुजंगला फेटा बांधला. पेठेला बरे वाटले. भुजंग ओशाळला होता. तो म्हणाला, "माझं काय न्हाई यात. रंग थोरल्या कुंडीचाच हाय. मी फकस्त राखला."

सिदराम हसला. पण घरी जाताना ते वाक्य त्याच्या कानात घोळू लागले. थोरल्या कुंडीचा रंग मी राखला, म्हणजे दुसऱ्या कुणी राखला नाही? दोन वर्षांपूर्वी भुजंगने कुंडी धुऊन नवी लावली तेव्हा विरजण सिदरामनेच दिले होते, हाताने घागर भरून. भुजंगला खरेच तेवढेच म्हणायचे होते. सिदरामलाही ते मनातून कळत होते. पण त्या दिवसानंतर देवळावरून जाताना त्याची नजर आधी देवीच्या लुगड्याकडे जाई आणि मग देवीकडे.

त्याच पावसाळ्यात भुजंगला ताप भरला. ताप मुदतीचा होता, उतरायचे नाव घेईना. मथुरा त्याच्या उशाशी बसून राहिली. कुंडीला खाऊ घालायचे, ढवळायचे राहून गेले. भुजंग शुद्धीवर आला आणि त्याने पहिले काही विचारले असेल तर कुंडीचे. मथुरा आत जाऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. वास ओसरीपर्यंत आला होता.

साळ्यांच्या लडी घरात येऊन पडल्या होत्या. भुजंगला उठून बसता येत नव्हते, म्हणून मथुरा स्वतःच तांब्याची घागर घासूनपुसून, वर ओले फडके टाकून थोरल्या घरी निघाली. निघेपर्यंत संध्याकाळ झाली होती. ती दारात पोचली तेव्हा सिदरामची बायको शारजा तुळशीपाशी दिवा ठेवत होती. घागर पाहून तिला सगळे कळले. ती आत वळली, एवढ्यात सिदराम बाहेर आला.

"दिवेलागण झाली वहिनी," तो म्हणाला. "या येळेला घरातनं विरजण देत न्हाईत. उद्या या."

मथुराने मान हलवली आणि ती रिकामी घागर कमरेवर घेऊन परत गेली.

दिवेलागणीला दुधादह्याचे विरजण घराबाहेर देऊ नये, हे सगळ्याच बायका मानायच्या. शारजाही मानायची. पण कुंडीला तो नियम कुणी कधी लावला नव्हता. शारजा दारातच उभी होती.

"ह्यो नियम दह्याला हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "कुंडीला कवापासनं आला?"

सिदराम आत वळला. त्याच्या मनात काय होते ते त्याचे त्यालाही नीट ठाऊक नसावे. महालिंगस्वामी सांगतात की त्याला फक्त एक रात्र जाऊ द्यायची होती. सगळ्या पेठेसमोर भुजंगला फेटा बांधला होता, तर एक रात्र भुजंगच्या बायकोने थांबावे, एवढेच. सकाळी तो नक्की देणार होता.

पण सकाळी मथुरा आली तेव्हा तो नदीवर गेला होता. मुद्दाम गेला होता की नेहमीसारखा, हे सांगता येत नाही. शारजा एकटी थोरल्या कुंडीला हात लावू शकत नव्हती. घरच्या पुरुषानेच विरजण काढावे अशी रीत होती. सिदरामला परत आल्यावर मथुरा येऊन गेल्याचे कळले, आणि आता आपण होऊन तिच्या दारी जायचे त्याच्या जिवावर आले. काल नाही म्हणालो आणि आज घागर घेऊन धावत आलो, असे दिसेल. कुणी विचारले तेव्हा तो म्हणाला, "कुंडी जरा नरम हाय. दोन दिस तिला हालवायची न्हाई."

ते पेठेत पसरले. थोरल्या घराने आधी द्यायचे आणि मग बाकीच्यांनी. थोरल्या घराने दिले नाही, तेव्हा बाकीचे आपापल्या दारात घुटमळले. कुणी मथुराला नाही म्हटले नाही. तिला पाहिले की नजर खाली जाई, इतकेच.

चौथ्या-पाचव्या दिवशी भुजंग स्वतः आला. काठी टेकत, भिंतीला धरत. त्याच्या हातात घागर नव्हती. तो उंबऱ्यापाशी उभा राहिला.

"सिदा, माझं काय चुकलं का रं?"

"चुकायचं काय त्यात," सिदराम म्हणाला. "कुंडीच नरम हाय."

कुंडीची खोली आतल्या बाजूला, दार उघडेच होते. चांगल्या कुंडीचा वास निळाऱ्याला दहा घरांवरून कळतो. भुजंगने तो वास घेतला असणारच. त्याने आत पाहिले नाही. सिदरामच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, "बरं. जप तिला."

तो गेला. शारजा त्या दिवशी जेवली नाही. सिदरामने रात्र कशीबशी काढली आणि सकाळी घागर भरली. थोरल्या कुंडीच्या तळातला दाट गाळ काढून त्याने ती काठोकाठ भरली आणि भुजंगच्या घरी गेला. दार नुसते लोटलेले होते. चूल झाकलेली, साळ्यांच्या लडी नीट गठ्ठे बांधून शेजारच्या घरी पोचत्या केलेल्या. कुंडीतला थोडा गाळ कुणी तरी खरवडून नेल्याच्या खुणा होत्या. गाडी पहाटेच गेली होती.

सिदराम घागर घेऊन वेशीपर्यंत गेला. तिथून रस्ता दोन दिशांना फुटतो. कोणत्या वाटेने गेले हे सांगायला कुणी नव्हते, की विचारायची त्याला लाज वाटली, ते माहीत नाही. तो परत फिरला.

पुढचे महालिंगस्वामी भराभर सांगतात, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. पेठेत एकदा नाही म्हटले गेले, आणि ते सगळ्यांनी पाहिले. पुढच्या वर्षी एका म्हाताऱ्याची कुंडी गेली तेव्हा तो घागर घेऊन निघालाच नाही. कशाला जा, आणि नाही म्हणाला तर? त्याच सुमाराला बंदरावरून डब्यांतली रंगाची पूड यायला लागली होती. उकळत्या पाण्यात टाकली की रंग तयार. आंबवायला नको, जपायला नको आणि कुणाच्या दारी जायलाही नको. म्हाताऱ्याने डबा आणला. मग दुसऱ्याने आणला. एकेक कुंडी मरत गेली आणि एकानेही विरजण मागितले नाही. सिदराम वाट पाहायचा. संध्याकाळी ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहायचा. कुणी घागर घेऊन आले तर, असे त्याला वाटत राहायचे. पेठेतले लोक त्याला पूर्वीसारखाच मान द्यायचे, तंटे घेऊन यायचे. विरजणाला मात्र कुणी आले नाही.

असे करता करता पेठेत एकटी थोरली कुंडी जिवंत राहिली. देवीचे लुगडे आता दर वर्षी सिदरामच रंगवायचा. निवड करायला दुसरे कापडच येत नव्हते.

मग पुष्कळ वर्षांनी एका साली विलक्षण थंडी पडली. नदीकाठचे गवत सकाळी पांढरे दिसायचे, पपईची झाडे काळी पडली. सिदरामने कुंडीभोवती गोवऱ्या पेटत्या ठेवल्या, अंगावरची घोंगडी तिच्यावर टाकली, गूळ घातला, चुना घातला. हेळसांड तसूभरही झाली नाही. तरी फेस उतरत गेला आणि एका सकाळी त्याने थेंब जिभेला लावला तेव्हा जीभ काही सांगेना.

तो घागर घेऊन निघाला. पेठेत दारोदार गेला. घरोघर डबे होते. शेवटच्या घरातला म्हातारा त्याच्याच वयाचा होता. तो घागरीकडे पाहून म्हणाला, "सिदराम, तुझ्या घरातनं येत हुतं तवर आमच्याकडं हुतं."

त्या उन्हाळ्यात हणमंत साळी सुताचा गठ्ठा घेऊन नांदवणला आला. गठ्ठ्यात एक निळी लड होती, कृष्णाकाठच्या एका बाजारगावात घेतलेली. सिदरामने ती सहज हातात घेतली. मग उजेडात नेली. नखाने खरवडून पाहिले, नाकाला लावले, आणि शेवटी सुताचे टोक जिभेवर ठेवले. तो मटकन खाली बसला. हणमंताला वाटले म्हाताऱ्याला झीट आली.

"ह्यो रंग कुणाचा?"

"नाव न्हाई ठावं. नदीच्या अंगाला एक घर हाय. तिथलं सूत लोक रांगा लावून घेत्यात."

सिदरामला नाव विचारायची गरज नव्हती. रंग थोरल्या कुंडीचा होता आणि हात भुजंगचा. दुसऱ्या दिवशी शारजाने भाकरी बांधून दिल्या. घागर त्याने स्वतः घासली. शारजा त्याला एवढेच म्हणाली, "आधी घागर फुडं करू नगा. आधी त्यांच्या पाया पडा."

वाटभर तो मनाशी शब्द जुळवत होता. भुजंग समोर आला की काय म्हणायचे. चुकलो म्हणायचे, की काही न म्हणता फक्त मिठी मारायची. भुजंग कदाचित तोंड फिरवेल. फिरवू दे. दारात बसून राहायचे, उठायचेच नाही. कधी पायी, कधी कुणाच्या गाडीत बसून तो चालला होता आणि जसजसे ते गाव जवळ आले तसतसे जुळवलेले शब्द विसरत गेला.

पोचला तेव्हा दिवे लागत होते. नदीच्या अंगाला दोऱ्या बांधलेले घर होते. अंगणात पांढऱ्या केसांची एक बाई वाकून लडी पिळत होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"कोण?" तिने विचारले.

"मी... नांदवणचा सिदराम."

मथुराने हातातली लड पिळून पुरी केली, दोरीवर टाकली, सारखी केली. मग त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्या हातातल्या घागरीकडे.

"कुंडी गेली वाटतं."

"गेली."

"बसा."

तो बसला नाही. "भुजंग?"

"माघात गेले."

सिदराम उभाच राहिला. आतून निळीचा वास येत होता, चांगल्या कुंडीचा, दाट. वाटभर जुळवलेल्या शब्दांऐवजी भलतेच तोंडातून गेले. "दिवेलागण झाली वहिनी. मी सकाळी येतो."

मथुरा म्हणाली, "कुंडीला दिवेलागण नसती भावजी. तुमाला ठावं हुतं ते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने त्याच्या हातातून घागर घेतली आणि आत गेली. सिदराम उंबऱ्यापाशी थांबला, जसा एकदा भुजंग त्याच्या दाराशी थांबला होता. त्याच्या घरी विरजण काढायला पुरुष लागायचा. इथे एक म्हातारी बाई लहानशा कुंडीवर ओणवी झाली होती, हात तळापर्यंत घालून गाळ काढत होती.

ती कुंडी कशी जगली ते मथुराने त्याला सांगितले. निघताना भुजंगने मेलेल्या कुंडीचा गाळ मडक्यात घेतला होता. मेलेल्या कुंडीतून विरजण होत नाही हे पोरालाही ठाऊक. गावात येऊन त्याने मिळेल ते काम धरले, डब्यांतल्या रंगाचेही केले, आणि घरी आला की त्या मडक्यापाशी बसायचा. गूळ चारायचा. थंडीत मडके पोटाशी घेऊन निजायचा. लोक हसायचे. मथुरालाही वाटायचे की तापाने डोके बिघडले. एक अख्खे वर्ष गेले, आणि मग एका सकाळी मडक्यात वर तांब्यासारखा फेस आला. असे पुन्हा कधी कुठे झालेले कुणी ऐकले नाही. नांदवणचे जुने लोक म्हणतात, निळाई त्याच्यामागोमाग गेली होती.

सिदरामने विचारले, "माझं काही बोलायचा?"

"न्हाई," मथुरा म्हणाली. "तुमचं नाव काढलं न्हाई कधी."

तिने घागरीवर ओले फडके बांधले, गाठ मारली. मग म्हणाली, "एकदाच काढलं. मडकं उठलं त्या दिशी. बाहेर अंगणात आले, हात असा पुढं करून, बोटांवर फेस. म्हनाले, हे सिदाला दाखवाय पायजे."

असे सांगतात की सिदराम तिथे रडला नाही. घागर घोंगडीत गुंडाळून पोटाशी धरून परतीच्या वाटेला लागला. वाटेत गुळाचा खडा स्वतः न खाता घागरीत टाकत होता. आणि वाटेतच कुठे तरी, एका ओढ्याच्या काठी, एका गाडीवानाने त्याला तोंड झाकून बसलेला पाहिला. गाडीवान लांब जाऊन बैलांना पाणी पाजत राहिला.

नांदवणला आल्यावर तो थोरल्या घरी गेलाच नाही. भुजंगच्या पडक्या घरात शिरला. कुंडीतला राडारोडा त्याने स्वतः उपसला, दगड घासले आणि विरजण तिथे लावले. पेठेतले लोक एकेक करून येऊन भिंतीच्या खिंडारातून पाहू लागले. शारजा आली, तिने लुगड्याचा ओचा खोवला आणि चुन्याची निवळी करायला बसली.

कुंडी उठायला दिवस लागले. उठली तेव्हा सिदरामने एक हात कापड बुडवले आणि वर काढले. ते पोपटी होते. मग काठापासून निळे होत आत गेले. भुजंगचा निळा, देवळात म्हातारीने गालाला लावला होता तो. सिदराम कापड दोन्ही हातांनी धरून बाहेर अंगणात आला. आणि मग त्याला कळेना की ते घेऊन कुठे जावे. भोवती पेठेतली माणसे होती, कौतुकाने पाहात होती. त्या रंगात काय आहे ते ओळखणारा एकच माणूस होता, तो माघात गेला होता. कापड पुरते वाळेपर्यंत सिदराम तसाच उभा राहिला.

त्या संध्याकाळी, दिवे लागत असताना, त्याने घागर भरली आणि पेठेत घरोघर गेला. मागितले नव्हते कुणी. प्रत्येक दारात तो म्हणायचा, "विरजण आणलंय." काहींनी कुंड्या केव्हाच बुजवल्या होत्या, त्यांनी हात जोडले. दोघातिघांनी घेतले. त्याला नाही म्हणवेना म्हणून घेतले असेल. घरी येऊन त्याने सुनांना जवळ बोलावले आणि सांगितले की या घराच्या दारात विरजण मागायला कुणीही येऊ दे, कोणत्याही वेळेला येऊ दे, त्याला परत पाठवायचे नाही. सुनांना कुंडीतले फारसे कळत नव्हते. त्यांच्या लेखी विरजण म्हणजे दह्याचे. त्यांनी ते तसेच धरले.

सिदराम पुढे थोडी वर्षे जगला. तो होता तोवर देवीचे लुगडे त्या कुंडीतच रंगले. तो गेला, शारजा गेली, मुले पोटामागे शहराकडे गेली आणि डब्याच्या रंगापुढे ती शेवटची कुंडीही टिकली नाही. नांदवणचा निळा आता कुठे पाहायला मिळत नाही. देवीचे लुगडे बाजारातून येते. सुनांनी धरलेली गोष्ट मात्र पेठेत पसरली, पेठेतून गावात गेली. आसपासच्या गावांत अजून दिवेलागणीला विरजण मागितले तर बायका उद्या ये म्हणतात. नांदवणात म्हणत नाहीत. नवी सून आली की उंबरा ओलांडल्यावर सासू तिला पहिली गोष्ट तीच सांगते.

महालिंगस्वामींच्या घराच्या मागे दोन सख्खे भाऊ राहतात. मधल्या भिंतीवरून त्यांचे कोर्टात चालले आहे; घरातली माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, सणालाही जात नाहीत. आजही एका घरात दूध नासले, दही संपले की संध्याकाळी त्या भिंतीवर एक रिकामी वाटी ठेवलेली दिसते. थोड्या वेळाने पलीकडून हात येतो, वाटी घेतो आणि चमचाभर विरजण घालून परत ठेवतो. सकाळी दोन्ही घरांत दही लागलेले असते. बोलणे मात्र अजून सुरू झालेले नाही.